पॅरलल गेटवेच्या एका फांदीतून मागे फिरलो, आणि जॉइन भलत्याच वेळी उघडला

अर्धवट_टोकन | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय, आता तुमची पाळी.

खरेदी मंजुरीची प्रक्रिया आहे. बीपीएमएनमध्ये, म्हणजे कामाचा प्रवाह दाखवायच्या आकृत्यांच्या मानक भाषेत काढली आहे, आणि अशा आकृत्या चालवणाऱ्या कमुंडा ७ या इंजिनावर चालते. आधी "मसुदा तयार करा" हे यूजर टास्क, म्हणजे माणसाने करायचं काम. मग पॅरलल गेटवे (सगळ्या फांद्या सुरू करणारा, म्हणजे फोर्क) आणि त्यातून दोन फांद्या, एक कायदा विभागाकडे, एक वित्त विभागाकडे. प्रत्येक फांदीत तपासणी झाली की एक्सॉर गेटवे, म्हणजे अनेकांतली एकच वाट निवडणारा. मंजूर असेल तर पुढे जॉइनकडे, म्हणजे फांद्या पुन्हा एकत्र आणणाऱ्या पॅरलल गेटवेकडे, नामंजूर असेल तर बाण सरळ मागे, मसुद्याकडे. जॉइनच्या पुढे "ऑर्डर पाठवा".

मसुदा → (+) फोर्क → कायदा → मंजूर? → (+) जॉइन → ऑर्डर
मसुदा → (+) फोर्क → वित्त → मंजूर? → (+) जॉइन → ऑर्डर
दोन्ही "मंजूर?" मधून "नाही"चा बाण → मसुदा

चाचणीत सगळं सुरळीत होतं. खरं सांगायचं तर चाचणी म्हणजे काय, दोघांनी मंजूर केल्यावर ऑर्डर जाते ना ते बघितलं, आणि नाकारल्यावर काम मसुद्याकडे परत येतं ना ते बघितलं. त्याच्या पुढे गेलो नाही.

प्रत्यक्षात झालं ते असं : कायदा मंजूर, वित्त नामंजूर, मसुदा दुरुस्त, कायदा पुन्हा मंजूर... आणि ऑर्डर रवाना! वित्त विभागाचं दुसऱ्या फेरीचं काम अजून त्यांच्या यादीत तसंच पडून आहे. त्यांनी मंजुरी दिलेलीच नाही.

हा इंजिनातला बग आहे का? की पॅरललच्या जागी इन्क्लुझिव्ह गेटवे (लागतील तेवढ्याच फांद्या चालवणारा) लावायला हवा होता?


जुनाखोड | सोमवार, रात्री १०.१५

इंजिनाला लगेच फासावर नका देऊ. कागद-पेन्सिल घ्या आणि टोकनं, म्हणजे काम आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणा, मोजा.

फोर्कमधून दोन टोकनं निघाली. कायद्याचं टोकन जॉइनवर येऊन बसलं. वित्तचं टोकन मागे गेलं. मसुदा झाला, तेच एक टोकन पुन्हा फोर्कमध्ये शिरलं आणि त्याची परत दोन झाली. आता इन्स्टन्समध्ये, म्हणजे या एका खरेदीच्या चालू प्रक्रियेत, टोकनं किती? तीन. एक जॉइनवर आधीच बसलेलं, एक कायद्याकडे, एक वित्तकडे. फोर्कला कुठे माहीत असतं की ही दुसरी फेरी आहे म्हणून. तो आपला आलेल्या प्रत्येक टोकनाची दोन करून मोकळा.

मग कायद्याने दुसऱ्यांदा मंजुरी दिली. जॉइनवर आता दोन टोकनं झाली. जॉइनला येणारे बाणही दोनच. इंजिन म्हणालं, आले सगळे, चला. तुमच्या इतिहासातलं "कायदा पुन्हा मंजूर... आणि ऑर्डर रवाना" ते हेच.

आणि वित्तने आता मंजूर केलं तर ते टोकन जॉइनवर एकटंच जोडीदाराची वाट बघत बसेल. इन्स्टन्स कधीच संपणार नाही.


अर्धवट_टोकन | सोमवार, रात्री १०.३२

थांबा. दोन्ही टोकनं कायद्याच्याच बाणावरून आली ना? जॉइनने प्रत्येक बाणावरून एकेक मागायला नको का? मी तर तसंच शिकलो होतो.


कुलूपकिल्ली | सोमवार, रात्री ११.०५

बरोबर शिकलात. इथंच तर घोडं पेंड खातंय.

बीपीएमएन २.० चा मानक दस्तऐवज जानेवारी २०११ चा, ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने काढलेला. त्यात पॅरलल जॉइनचं वर्तन स्पष्ट आहे : येणाऱ्या प्रत्येक बाणावरचं नेमकं एक टोकन खायचं, जाणाऱ्या प्रत्येक बाणावर एक सोडायचं, आणि एखाद्या बाणावर जास्तीची टोकनं असतील तर ती तिथेच राहू द्यायची.

पण अ‍ॅक्टिव्हिटी या इंजिनाच्या वंशातली मंडळी, म्हणजे २०१३ मध्ये त्यातून फुटलेलं कमुंडा आणि २०१६ मध्ये फुटलेलं फ्लोएबल, हिशेब सोपा ठेवतात. जॉइनवर थांबलेली एक्झिक्युशन्स (त्यांच्या भाषेत टोकनं) मोजायची, येणाऱ्या बाणांच्या संख्येशी ताडून बघायची. कोण कुठल्या बाणावरून आलं हे विचारतच नाहीत. आकृती नीट घरंदाज असेल, म्हणजे एका फेरीत एका बाणावरून एकच टोकन येत असेल, तर दोन्ही हिशेबांचं उत्तर एकच येतं. तुमच्या आकृतीत ते फुटलं.

कमुंडा ८ मधलं झीबी हे इंजिन मात्र कुठला बाण किती वेळा घेतला गेला ते बाणाबाणाने लक्षात ठेवतं. तुमची आकृती तिथे चालवली तर कायद्याच्या दुसऱ्या मंजुरीने जॉइन उघडणार नाही, वित्तसाठी थांबेल. वित्त आलं की उघडेल. पण कायद्याच्या बाणावर एक टोकन शिल्लक राहील आणि इन्स्टन्स "चालू" म्हणून लोंबकळत राहील.

म्हणजे एकच आकृती, दोन इंजिनं, दोन वेगवेगळ्या चुका.


जुनाखोड | सोमवार, रात्री ११.२०

आणि झीबीवर गेल्याने सुटका होईल असं कुणाला वाटत असेल तर हे बघा. दुसऱ्या फेरीत समजा कायद्याने नाकारलं आणि वित्तने मंजूर केलं. जॉइनवर कायद्याचं पहिल्या फेरीतलं शिळं टोकन बसलेलंच आहे. त्याला वित्तचं ताजं टोकन मिळालं, जॉइन उघडला, ऑर्डर गेली. कायद्याने मंजूर केला होता तो जुना मसुदा, आणि नवीन तर त्यांनी नाकारलाय. हे मानकाप्रमाणे अगदी शुद्ध वर्तन आहे. टोकनावर फेरीचा क्रमांक लिहिलेला नसतो हो.

बाय द वे, दोघांनीही नाकारलं तर काय होतं ते बघितलंत का? दोन टोकनं मसुद्याकडे येतात. बीपीएमएनमध्ये एखाद्या कामाला दोन बाण येत असले तरी ते कुणाची वाट बघत नाही, प्रत्येक टोकनाला वेगळं काम जन्मतं. म्हणजे मसुद्याची दोन कामं, मग दोन फोर्क, मग चार तपासण्या. तिसऱ्या फेरीला आठ. येरे माझ्या मागल्या, आणि दर वेळी दुप्पट.


अर्धवट_टोकन | सोमवार, रात्री ११.३१

आई शप्पथ. "माझ्या यादीत एकच खरेदी चार वेळा का दिसते" असं एक तिकीट आलं होतं. मी "पान रिफ्रेश करा" म्हणून बंद केलं.


रात्रपाळी | मंगळवार, पहाटे २.१०

ते तिकीट उघडा परत. 🙂


आकृतीबंध | मंगळवार, सकाळी ९.५०

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट, कोड लिहीत नाही, पण अशा आकृत्या मीच काढून देते, तेव्हा थोडा दोष आमच्याकडेही. कागदावर मागे जाणारा बाण इतका सहज दिसतो! बैठकीत सगळे माना डोलावतात.

मूळ प्रश्नातला इन्क्लुझिव्ह गेटवेचा मुद्दा राहिला. मला कुणीतरी सांगितलं होतं की तो "हुशार" असतो, ज्या फांद्या जिवंत आहेत तेवढ्यांचीच वाट बघतो. मग तो इथे का नाही चालणार?


जुनाखोड | मंगळवार, सकाळी १०.४०

हुशार आहे, पण लूपमध्ये त्याची हुशारी अंगाशी येते.

इन्क्लुझिव्ह जॉइन साधारण असं विचारतो : माझ्या रिकाम्या बाणापर्यंत अजून पोहोचू शकेल असं एखादं टोकन आकृतीत कुठे आहे का? असेल तर थांबतो. हे ठरवायला फक्त स्वतःचे बाण बघून भागत नाही, सगळी आकृती बघावी लागते. पॅरलल जॉइनचा निर्णय जागच्या जागी होतो, याचा होत नाही. आता मागे जाणारा बाण टाका. मागे फिरलेलं प्रत्येक टोकन "अजून पोहोचू शकतं" या गटात मोडतं. त्यात दोन इन्क्लुझिव्ह जॉइन एकाच चक्रावर असले तर पहिला दुसऱ्याची वाट बघणार, दुसरा पहिल्याची. आधी आप, आधी आप. ईपीसी या कामाचा प्रवाह काढायच्या दुसऱ्या एका पद्धतीच्या आकृत्यांमध्ये याच कोड्यावर २००२ मध्ये फान डर आल्स्ट, डेझेल आणि किंडलर यांनी निबंध लिहिला होता, विषय हाच : असं दुष्टचक्र आलं की अर्थ नेमका लावायचा कसा. बीपीएमएनने पुढे नियम बारकाईने लिहिला, पण तो पाळणं इंजिनांना जड जातं आणि वाचणं माणसांना.

आणि तुमच्या गोष्टीत दोन्ही मंजुऱ्या नेहमीच हव्यात. मग इन्क्लुझिव्हचं कामच काय? रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

थोडं अवांतर. मी बीपेल या प्रक्रिया लिहायच्या जुन्या भाषेच्या जमान्यातला. ओएसिस या मानक संस्थेचं डब्ल्यूएस-बीपेल २.० हे २००७ चं. तिथे समांतर कामांसाठी "फ्लो" होता, पुनरावृत्तीसाठी "व्हाइल" आणि "रिपीट अन्टिल", आणि समांतर कामांना जोडणाऱ्या दुव्यांना लूपची हद्द ओलांडायला सक्त मनाई होती. आम्ही तेव्हा कुरकुर करायचो, की हे काय, मनासारखा बाणसुद्धा काढता येत नाही! बीपीएमएनने बाण मोकळे सोडले. आता कळतं ती मनाई कशाला होती. तुमचा "नाही"चा बाण समांतर भागाच्या पोटातून निघून त्याच्या तोंडाबाहेर जातो. बीपेलमध्ये तो काढताच आला नसता.


अर्धवट_टोकन | मंगळवार, सकाळी ११.०२

म्हणजे नियम असा का, की लूप समांतर भागाच्या पूर्ण आत असावा किंवा पूर्ण बाहेर?


जुनाखोड | मंगळवार, सकाळी ११.१०

हो. आत म्हणजे एकाच फांदीच्या आत. वित्तने स्पष्टीकरण मागितलं, मिळालं, पुन्हा वित्तकडेच गेलं, असं कितीही वेळा होऊ द्या. त्या फांदीत टोकन एकच राहतं, जॉइनला पत्ताही लागत नाही. बाहेर म्हणजे जॉइन झाल्यावर, टोकन एकच उरल्यावर, मग मागे जा.

आणि मागे जाणारा बाण थेट पॅरलल गेटवेवर टेकवू नका. ही चूकही फार दिसते. फोर्कलाच दुसरा बाण येऊन मिळाला की तो फोर्क एकाच वेळी जॉइनही होतो. पहिल्याच फेरीत तो लूपच्या बाणावरच्या टोकनाची वाट बघतो, आणि ते टोकन तो स्वतः उघडल्याशिवाय येणारच नसतं. कायमचं कुलूप. फोर्कच्या आधी एक एक्सॉर ठेवा आणि मागचा बाण त्यावर आणा.


रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती सांगतो. फांद्यांमधले दोन्ही एक्सॉर काढून टाका. कायदा आणि वित्त आपापला निकाल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रक्रियेसोबत फिरणाऱ्या नोंदीत लिहितील, दोघांसाठी वेगवेगळं व्हेरिएबल हं, दोघांनी एकाच "निकाल"मध्ये लिहिलं तर शेवटी लिहिणाऱ्याचं खरं ठरतं. दोघं जॉइनवर येतील. जॉइननंतर एकच एक्सॉर : दोन्ही मंजूर असतील तर पुढे, नाहीतर मसुद्याकडे. दर फेरीत दोन टोकनं निघतात, दोन येतात. झालं.


आकृतीबंध | मंगळवार, दुपारी १.४०

हे तुम्हा लोकांना स्वस्त, आमच्या माणसांना महाग. वित्तने पहिल्याच तासात नाकारलं तरी कायद्याचं उत्तर येईपर्यंत चार दिवस मसुदा दुरुस्त करायचा नाही? आणि कायदावाल्यांनी चार दिवस अशा मसुद्यावर घालवायचे जो आधीच बाद झालाय? मी हे बैठकीत मांडलं तर मलाच बाद करतील.


रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.०५

रास्त. मग सबप्रोसेस.

फोर्कपासून जॉइनपर्यंतचा सगळा भाग एका एम्बेडेड सबप्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच आकृतीतल्या चौकटीतल्या उपप्रक्रियेत कोंबा. आतल्या फांदीत "नामंजूर" झालं की बाण बाहेर न नेता तिथेच एरर एंड इव्हेंट, म्हणजे एरर देऊन संपवणारी खूण ठेवा. सबप्रोसेसच्या कडेवर त्याला पकडणारा एरर बाउंडरी इव्हेंट, आणि त्याचा बाण मसुद्याकडे. एरर बाउंडरी नेहमीच इंटरप्टिंग, म्हणजे आतलं काम तोडणारा असतो. तो पेटला की सबप्रोसेसच्या आतलं सगळं रद्द होतं, दुसऱ्या फांदीतलं काम, जॉइनवर बसलेलं शिळं टोकन, आतले टायमर, झाडून सगळं. बाहेर एकच टोकन पडतं. पुढच्या फेरीत सबप्रोसेस नव्याने सुरू होतो, पाटी कोरी.

"नामंजूर म्हणजे काही एरर नव्हे" असं म्हणणारे भेटतील. बीपीएमएनमधली एरर ही व्यवहारातलीच अडचण असते, कोडमधला अपवाद नव्हे. तरीही मन मानत नसेल तर इंटरप्टिंग एस्कलेशन (वर कळवण्याचा इव्हेंट) वापरा, परिणाम तोच. आत टर्मिनेट एंड इव्हेंट ठेवूनही जमतं, तो फक्त त्या सबप्रोसेसपुरतंच मारतो, सगळा इन्स्टन्स नव्हे. पण मग बाहेर सरळ मार्गानेच पडता आणि काय झालं ते व्हेरिएबल बघून ठरवावं लागतं.

आता भोगलेलं सांगतो. आम्ही हे केलं आणि दुसऱ्या आठवड्यात बोंब : "मी अर्धा अहवाल लिहिला होता, काम यादीतून गायब!" रद्द म्हणजे रद्द, यूजर टास्क जातं आणि त्याची लोकल व्हेरिएबल्सही जातात. कमुंडा ७ मध्ये काम रद्द होताना टास्क लिसनरला, म्हणजे कामाच्या घडामोडींवर चालणाऱ्या आपल्या कोडला, "डिलीट" इव्हेंट मिळतो. तिथे आम्ही अर्धवट टिपणं बाहेर जपायला आणि "वित्तने नाकारल्यामुळे हे काम थांबवलं" असा निरोप द्यायला लागलो, तेव्हा बोंब थांबली.


अर्धवट_टोकन | मंगळवार, रात्री ८.२०

सबप्रोसेस केला. हाताने सगळे क्रम चालवून बघितले, बीपीएमएन-जेएस या आकृती दाखवणाऱ्या साधनाचं टोकन सिम्युलेशन जोडून ठिपके पळवले. जुन्या आकृतीत तिसऱ्या क्लिकला शिळा ठिपका जॉइनवर बसलेला दिसतो. हे आधी केलं असतं तर!

पण आता नवीनच. जॉइनच्या आधी दोन्ही फांद्यांत मी एकेक सर्व्हिस टास्क, म्हणजे यंत्राने करायचं काम टाकलंय, निकालाची ईमेल पाठवणारं. आज भाराची चाचणी घेताना लॉगमध्ये ऑप्टिमिस्टिक लॉकिंग एक्सेप्शनचा पाऊस, एंजिन-०३००५ असा कोड. आणि काही लोकांना तीच ईमेल दोनदा. आगीतून फुफाट्यात.


कुलूपकिल्ली | मंगळवार, रात्री ९.००

माझा विषय आला. चहा घेऊन बसा.

समजा दोन फांद्या खरोखर एकाच क्षणी जॉइनवर आल्या. दोघांचे डेटाबेसमधले व्यवहार (ट्रान्झॅक्शन) वेगळे, दोघांनाही डेटाबेसमध्ये समोरच्याचं अजून दिसत नाही. प्रत्येकाला वाटणार, "मी पहिला, दुसरा यायचाय", आणि दोघंही थांबणार. उघडणारा कुणीच नाही. हे होऊ नये म्हणून कमुंडा ७ जॉइनवर येणाऱ्या प्रत्येकाला सामाईक पालक एक्झिक्युशनची नोंद बदलायला लावतं. नोंदीवर आवृत्ती क्रमांक असतो. पहिला व्यवहार कमिट, म्हणजे पक्का झाला की क्रमांक वाढतो, दुसऱ्याच्या हातात जुना क्रमांक राहतो, तो पडतो आणि परत फिरतो. पुन्हा आला की आता त्याला पहिला दिसतो आणि जॉइन उघडतो. तेव्हा ते एक्सेप्शन म्हणजे बिघाड नव्हे, पहारेकरी आहे. जॉब एक्झिक्यूटरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मागच्या मागे कामं चालवणाऱ्या भागात हे झालं तर इंजिन आपोआप पुन्हा करतं आणि रिट्रायच्या संख्येतून वजाही करत नाही. मात्र तुमच्या कोडने एपीआयमधून काम पूर्ण करताना झालं तर एक्सेप्शन तुमच्या हातात येतं, पुन्हा प्रयत्न तुम्हीच करायचा.

मग ईमेल दोनदा का? व्यवहार पडला की शेवटच्या सेव्ह पॉइंटपर्यंत मागे जातो. तुमच्या फांदीत शेवटचा सेव्ह पॉइंट म्हणजे यूजर टास्क. त्याच्या पुढची ईमेल आणि जॉइन एकाच व्यवहारात. डेटाबेस मागे फिरतो, गेलेली ईमेल कशी फिरणार?

उपाय : जॉइनवर "असिंक बिफोर" लावा. मग ईमेल पाठवून फांदी तिथे कमिट होते, जॉइनचं काम वेगळा जॉब बनतं, आणि पडलं तर फक्त जॉइनच पुन्हा होतो. ते जॉब "एक्स्क्लुझिव्ह" असतात, बाय डिफॉल्ट. म्हणजे एकाच इन्स्टन्सचे असे जॉब इंजिन एकाच वेळी चालवत नाही, त्यामुळे भांडणच मिटतं. ती खूण कुणी "वेग येईल" म्हणून काढली असेल तर परत लावा. आणि ईमेलच्या टास्कलाही असिंक लावा, म्हणजे ईमेलचा सर्व्हर बंद असताना माणसाचं काम पूर्ण करणं अडणार नाही. एवढं करूनही ईमेल गेली आणि कमिटच्या आधी यंत्र बंद पडलं, तर ती दुसऱ्यांदा जाणारच. समोरच्या सेवेला काही एक ओळख क्रमांक देऊन "हे आधी केलंय" असं ओळखू देणं, याला पर्याय नाही. ईमेल ठीक आहे, पैसे असते तर?

जाता जाता : पॅरलल गेटवे लावला म्हणून कमुंडा ७ मध्ये कामं एकाच वेळी चालत नाहीत. तीन फांद्यांत तीन सर्व्हिस टास्क, प्रत्येकाला ४ सेकंद, कुठेही असिंक नाही, तर एकच थ्रेड एकामागून एक तीनही करतो आणि १२ सेकंद लागतात. समांतर म्हणजे "क्रम ठरलेला नाही", "एकदम" नव्हे. झीबीत कामं बाहेरचे वर्कर उचलतात, त्यामुळे तिथे खरोखर एकदम चालतात, आणि एका इन्स्टन्सचं सगळं एकाच पार्टिशनवर (साठ्याच्या एका भागावर) क्रमाने लिहिलं जातं म्हणून जॉइनवर असली झटापट होत नाही.


शून्यप्रहर | बुधवार, सकाळी ८.३०

मी बीपीएमएनवाला नाही, पण वाचून मजा आली, कारण आमच्याकडे हेच दुखणं वेगळ्या कपड्यात येतं.

एडब्ल्यूएस स्टेप फंक्शन्स या क्लाउडवर प्रक्रिया चालवणाऱ्या सेवेत "पॅरलल" स्टेटच्या (स्टेट म्हणजे तिथली पायरी) फांदीतली स्टेट फक्त त्याच फांदीतल्या स्टेटकडे जाऊ शकते, बाहेर उडी मारताच येत नाही. जुनाखोडांचं बीपेलच जणू. एक फांदी न पकडलेल्या एररने पडली की सगळा पॅरलल स्टेट पडतो, मग तुम्ही त्या स्टेटवर कॅच लावून मागे जायचं. म्हणजे रात्रपाळींचा सबप्रोसेस तिथे जन्मजात आहे. एअरफ्लो या कामं क्रमाने लावणाऱ्या साधनात तर चक्रच चालत नाही, ग्राफमध्ये वळसा दिसला की डॅग, म्हणजे कामांची ती आकृती, नाकारला जातो.

लूपचा आमचा त्रास वेगळा, इतिहासाचा. स्टेप फंक्शन्सच्या स्टँडर्ड प्रकारात एका एक्झिक्युशनला २५,००० घटनांची मर्यादा. टेम्पोरल या तशाच दुसऱ्या इंजिनात ५१,२०० घटना किंवा ५० एमबी. "दर मिनिटाला बघ, झालंय का" असा निष्पाप लूप काही दिवसांत भिंतीवर आदळतो. टेम्पोरलमध्ये मग "कंटिन्यू अ‍ॅज न्यू" करून पाटी कोरी करतात.


कुलूपकिल्ली | बुधवार, सकाळी ९.१५

कमुंडा ७ मध्ये अशी भिंत नाही, म्हणूनच जास्त वाईट. दर फेरीला इतिहासाच्या तक्त्यात प्रत्येक पायरीची ओळ पडते आणि कुणी हटकत नाही. डेटाबेसवाला एक दिवस फोन करतो. विचारत बसण्याऐवजी मेसेज इव्हेंटवर थांबा, समोरचा झाल्यावर सांगेल. तो सांगणाऱ्यातला नसेल तरच टायमरचा लूप, आणि फेऱ्यांची मोजणी करणारं व्हेरिएबल व बाहेर पडण्याची वाट त्याच दिवशी काढून ठेवा.

ज्यात थांबण्याची एकही जागा नाही असा लूप तर टाकूच नका. नुसती नामधारी टास्क आणि गेटवे गोल फिरत असतील तर झीबी ती प्रक्रिया डिप्लॉय होतानाच नाकारतं.


अर्धवट_टोकन | बुधवार, दुपारी १२.४५

जॉइनवर असिंक लावलं, पाऊस थांबला. कुलूपकिल्ली, तुम्हाला चहा लागू.

आता वरून नवीन फर्मान : तपासणारे विभाग दोनच नसतील, खरेदीनुसार तीन ते सहा, यादी मसुद्यासोबत येईल. सहा फांद्या काढून प्रत्येकीवर अट लावू का?


आकृतीबंध | बुधवार, दुपारी १.००

नको नको! यादी असेल तर मल्टी-इन्स्टन्स, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम. एकच "तपासणी" टास्क, खाली तीन उभ्या रेघा, यादी जोडायची. एवढं मलाही येतं.


जुनाखोड | बुधवार, दुपारी १.३०

शाबास. आणि इथे फोर्क-जॉइनची कटकटच जाते, किती निघाले आणि किती आले हे इंजिन स्वतः मोजतं. "कंप्लीशन कंडिशन" म्हणून अट द्या : कुणीही नाकारलं की पुरे. प्रत्येक तपासणी संपली की अट तपासली जाते, खरी ठरली की उरलेल्या रद्द. पुढे एक्सॉर, मागे मसुद्याकडे. सबप्रोसेस आणि एरर इव्हेंटही लागत नाहीत.

दोन खाचखळगे. यादी सुरुवातीला एकदाच वाचली जाते. चालू असताना सातवा विभाग यादीत घातला तर त्याच्यासाठी काम निर्माण होणार नाही, पुढच्या फेरीत होईल. आणि प्रत्येक तपासणीने आपला निकाल एकाच सामाईक यादीत ढकलायचा असं करू नका, दोघं एकदम आले की एकाचं हरवतं किंवा पुन्हा ते लॉकिंग. झीबीत "आउटपुट कलेक्शन" आहे, ते इंजिनच भरतं. कमुंडा ७ मध्ये प्रत्येकाचा निकाल वेगळ्या नावाने ठेवा किंवा आपल्या तक्त्यात लिहा.

बीपीएमएनमध्ये गोल बाणाची "स्टँडर्ड लूप" खूणही आहे. आकृतीत छान दिसते, पण कमुंडा ७ तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, काम एकदाच होतं. तिच्या भरवशावर राहू नका, एक्सॉरने लूप काढा.


अर्धवट_टोकन | बुधवार, दुपारी २.१०

शेवटचं. जुन्या आकृतीवर अडकलेले इन्स्टन्स आहेत. जॉइनवर एकटं टोकन, बाकी सगळं झालेलं. डेटाबेसमधल्या ओळी उडवू का?


रात्रपाळी | बुधवार, दुपारी २.१२

हात लावू नका तक्त्यांना!!

इन्स्टन्स मॉडिफिकेशन, म्हणजे चालू इन्स्टन्समधली टोकनं हलवायची सोय वापरा. कॉकपिट या कमुंडाच्या देखरेखीच्या पडद्यावरून होतं, एपीआयनेही. जॉइनवरचं टोकन रद्द करा, हव्या त्या पायरीच्या आधी नवीन सुरू करा. सबप्रोसेसच्या आत करत असाल तर आधी "सुरू करा", मग "रद्द करा" या क्रमाने, नाहीतर शेवटचं काम रद्द होताच सबप्रोसेसच जातो आणि त्याची व्हेरिएबल्सही.

पण सरसकट स्क्रिप्ट फिरवण्याआधी प्रत्येकाचा इतिहास वाचा. जॉइनवर अडकलेलं प्रत्येक टोकन निरुपद्रवी नसतं. ज्याची ऑर्डर दोन्ही मंजुऱ्यांनी गेली आणि मागे नुसता कचरा उरला तो रद्द करा. ज्याची ऑर्डर एकाच विभागाच्या दोन मंजुऱ्यांवर गेली त्याचं टोकन म्हणजे तुमचा पुरावा आहे. ती यादी आधी माणसांना द्या, मग इंजिनाला हात लावा.


अर्धवट_टोकन | गुरुवार, सायंकाळी ६.३०

वाचले सगळे. बहुतेक कचरा होता. चार असे निघाले की वित्तने शेवटपर्यंत मंजूर केलेलंच नाही. यादी वित्तकडे दिली, त्यातले तीन त्यांनी मागाहून मंजूर केले. चौथ्यावर बैठक आहे उद्या सकाळी, मला बोलावलंय. पहिल्या फेरीपासूनची टोकनं कागदावर काढून नेतोय.


आकृतीबंध | गुरुवार, सायंकाळी ६.४१

कागद रंगीत पेनांनी काढा. पहिली फेरी निळी, दुसरी लाल. बैठकीत तेवढंच कळतं.